नागोजीअण्णांचा दहावा

नागोजीअण्णा जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, आणि परवाच हुबळीत गोकुळ रोडच्या गाड्यावर दोन प्लेट चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चार मिरच्या खाऊन "आता काय जेवण जायचं न्हाई बघ" म्हणत घरी जेवायला गेले, हे आधीच सांगून टाकतो. सांगावं लागतं. आमच्या वर्कशॉपात "अण्णांचा दहावा" हे शब्द दिवसातून एकदा तरी कानावर पडतात आणि नवीन आलेला माणूस पहिल्याच दिवशी चेहरा पाडून विचारतो, "कधी गेले?"

दहावा म्हणजे दहावा नंबर. अण्णांच्या लेथशेजारी एक लोखंडी कपाट होतं. त्यात त्यांची टूल्स, मायक्रोमीटर, एक टॉवेल आणि बायकोनं, म्हणजे मथुराकाकूंनी, दिलेली, कधीच न उघडलेली च्यवनप्राशाची बाटली. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेली यादी: जगातले सर्वांत थोर दहा बॉक्सर. पहिला रॉबिन्सन, दुसरा अली, तिसरा जो लुई, चौथा मार्सियानो. टायसन पाचवा, तोही नाइलाजानं. मी या वर्कशॉपात सीएनसी मशीनवर लागलो तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ही यादी बघत होतो. मधले नंबर वरखाली व्हायचे. चहाच्या सुट्टीत भांडण झालं की अण्णा उठायचे, टॉवेलानं एक नाव पुसायचे, दुसरं लिहायचे आणि हात झटकून बसायचे. हायकोर्टाचा निकाल लागल्यासारखं सगळे गप्प व्हायचे. म्हणजे अण्णांना तसं वाटायचं. आम्ही गिरमिट खात असतो.

यादीचा नियम एकच. माणूस मोजायचा तो ऐन भरातला.

"म्हातारपणी कोण बी मार खातंय," अण्णा म्हणायचे. "अलीनं शेवटी शेवटी मार खाल्ला म्हणून अली लहान हुतो काय? त्याच्या भरातली साडेतीन वर्षं तर त्याला खेळूच दिलं न्हाई. ती साडेतीन वर्षं कुणी बघितली? कुणी न्हाई. तरी त्येच खरं भर."

"कुणी बघितलीच नाहीत तर तुम्ही मोजता कशी?" हे विचारणारी योगिता. ती तयार माल तपासते. अण्णांनी फिरवलेला शाफ्ट दोन पॉइंट जरी जाड असला तरी परत पाठवते, आणि अण्णा तिला त्याबद्दल मनातून मानतात, तोंडावर शिव्या देतात.

"तू मोज की व्हर्नियर लावून," अण्णा म्हणाले.

योगितानं एकदा आठवडाभर भांडून मेरी कोमला यादीत घुसवलं. अण्णा आधी म्हणाले, बायकांची यादी वेगळी. योगिता म्हणाली, मग बायकांनी तपासलेले शाफ्ट पण वेगळे ठेवा. शेवटी अण्णांनी सहावा नंबर दिला. कारण काय, तर सहा वेळा जग जिंकलं म्हणून सहावी. या हिशेबानं रॉबिन्सन पहिला कसा, असं मी विचारलं तर म्हणाले, "परव्या, तू आळणावरच्या शाळेत शिकलास न्हवं, दिसतंय ते." अण्णांचं स्वतःचं गाव आळणावरापासून चार मैलांवर, आणि शाळा तीच.

पण कितीही पुसापुशी झाली तरी दहावा हलला नाही. तिथं लिहिलेलं होतं: मंजुनाथ, धारवाड.

हा मंजुनाथ कोण ते इंटरनेटला माहीत नाही. मी शोधून पाहिलं. मंजुनाथ म्हणजे अण्णांना आयुष्यातल्या एकमेव फायनलमध्ये पाडणारा माणूस. आमच्यातल्या दुष्ट लोकांचं, म्हणजे माझं, म्हणणं असं की यात अण्णांची मोठी हुशारी आहे. ज्यानं आपल्याला हरवलं त्याला जगात दहावा करून ठेवला की आपण आपोआप अकरावे. लिहायचीसुद्धा गरज नाही.

हे मी त्यांना तोंडावर म्हणालो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अकरावा न्हाई. माझा नंबर दहावाच असणार हुता. त्ये 'एळु' आडवं आलं."

मग ती गोष्ट त्यांनी सांगितली. आधीही शंभरदा सांगितली असेल, पण मला पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आली, कारण त्या दिवशी वीज गेली होती आणि मशिनं बंद होती.

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. अण्णा एकवीस वर्षांचे. गावाकडून धारवाडला कामाला आलेले, एका गोदामाच्या पडवीत राहणारे. तिथंच मंजुनाथची गाठ पडली. दोघांनी एकच पोतं वाळूनं भरून एकाच आढ्याला टांगलं आणि एकाच जोडीतले हातमोजे आळीपाळीनं घालून ठोसे मारायला शिकले. मंजुनाथच्या आईच्या हातची भाकरी अण्णांनी दोन वर्षं खाल्ली. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, एका तरुण मंडळानं स्पर्धा भरवली. फायनलला नेमके हे दोघे.

पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, आज तरी सगळं कानडीतून होऊ द्या. पंच होते शाळेतले ड्रिलमास्तर. एरवी ते 'वन, टू' करून मोजायचे. त्या दिवशी पाहुणे पहिल्या रांगेत बसलेले. मास्तरांनी ठरवलं, मोजायचं तर कानडीत.

तिसऱ्या फेरीत अण्णांचा उजवा हात बसला. "असा बसला, असा बसला," अण्णा म्हणाले आणि हातातला चहाचा कप खाली ठेवून त्यांनी तो हात दाखवला. त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, जाड मनगटाचा माणूस, नाक जरा डावीकडं गेलेलं. हात मात्र अजून सरळ जातो. "मंज्या झाड पडल्यागत पडला. डोकं फळ्यांवर आपटलं. आवाज आला. मी नियमापरमाणं लांबच्या कोपऱ्यात जाऊन हुबा ऱ्हायलो. मास्तर मोजायला लागले. ओंदु. एरडु. मूरु. मंज्या हलंना. नाल्कु. ऐदु. आरु. गेला म्हटलं. आणि मास्तर म्हणाले, एळु."

इथं अण्णा थांबले. हुबळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण पुण्याकडचं कुणी वाचत असेल तर सांगतो. कानडीत एळु म्हणजे सात. आणि एळु म्हणजेच ऊठ. सकाळी कानडी घरात आई पोराला उठवते तेव्हा हेच म्हणते.

"त्यो पडला हुता अर्धा बेशुद्ध. त्याला आकडे कळत हुते व्हय? मास्तर वर हुबं ऱ्हाऊन म्हणत्यात, ऊठ. जन्मापासनं त्या शब्दाला उठत आलेला माणूस. उठला की. मराठीत 'सात' म्हटलं असतं तर पडून ऱ्हायला असता. इंग्रजीत म्हटलं असतं तरी."

उठलेल्या मंजुनाथनं अर्ध्या मिनिटात अण्णांच्या पोटात एक ठोसा दिला. अण्णा गुडघ्यावर आले ते दहा होईपर्यंत तिथंच.

योगितानं शांतपणे विचारलं, "मग तुम्ही पडल्यावर मास्तर एळु म्हणाले नाहीत?"

"म्हणाले की."

"मग?"

"मी मराठी माणूस," अण्णा म्हणाले. "मला त्ये सातच वाटलं."

त्या दिवशी वीज आली तरी पंधरा मिनिटं कुणी मशीन चालू केलं नाही. हसण्यात गेली.

अण्णांचं आयुष्यच एकूण असं. बोलतात खूप, ऐकत कुणी नाही. मालकांना, म्हणजे मुकुंदरावांना, दहा वर्षं सांगत होते की छपराला मधे एक पत्रा पारदर्शक घाला, उजेड येईल. मुकुंदराव राहायला देशपांडेनगरात, सज्जन माणूस. ते प्रत्येक वेळी "वा, नागोजी, छान कल्पना" म्हणायचे आणि नवीन ट्यूबलाइट पाठवायचे. मला शिकवताना अण्णा म्हणाले होते, हात बाजूला ठेव. मी ऐकलं नाही. डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. मुलाला सांगितलं, लेथ शिक. तो बँकेत गेला. मथुराकाकूंना तर ते काही सांगतच नाहीत. त्याच एकदा डबा द्यायला आल्या, यादी बघितली आणि म्हणाल्या, "दहावा दहावा काय लावलंय सारखं? घरात माणसं हायत आमच्या. बरं दिसतंय काय?"

तर हे असं चाललं असतं. पण या वर्षी अण्णा निवृत्त व्हायचे झाले. शनिवार शेवटचा दिवस ठरला. जुना लेथ निघणार होता, कपाट मला मिळणार होतं, आणि रविवारी पेंटर येऊन त्याला आतून-बाहेरून करडा रंग देणार होता. मुकुंदरावांना प्रत्येक वस्तू करडी असलेली आवडते.

सोमवारी सकाळी अण्णा कपाट उघडून यादीसमोर उभे. मला वाटलं, वाईट वाटतंय. म्हटलं, "अण्णा, फोटो काढून ठेवतो."

"फोटो कशाला? पुसू दे की. पण पुसायची तर बरोबर यादी पुसा." त्यांनी दहाव्या नावावर बोट ठेवलं. "हे बरोबर हाय का न्हाई, मला अजून ठाऊक न्हाई."

योगिता म्हणाली, "काय ठाऊक नाही?"

"मंज्यानं आकडा ऐकला का हुकूम ऐकला."

त्यांचं म्हणणं असं. मंजुनाथनं सात हा आकडा ऐकला असेल, मनात म्हटलं असेल की तीन उरले, आणि स्वतःच्या हिमतीवर उठला असेल, तर तो भरातला माणूस. दहावा नंबर त्याचाच. पण मास्तरांनी ऊठ म्हटलं म्हणून झोपेतल्या पोरासारखा उठला असेल, तर तो उठलाच नाही. त्याला उठवला. मग ती फायनल अण्णांची आणि दहावा नंबरही. बेचाळीस वर्षं पुसट झालेलं त्याचं नाव खडूनं परत गिरवताना दर वेळी हात अडखळायचा, असं ते म्हणाले, आणि ते चेष्टेत नव्हते.

"मग विचारा की त्यांनाच," योगिता म्हणाली. "धारवाडातच आहेत ना?"

"हायत. तिथंच जवळ बेलूरला फॅक्टरीत हुते तीस वर्षं. आता केलगेरीला घर बांधलंय."

"भेटता की नाही?"

"भेटतो की. त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला हुतो मी. माझी आई गेली तवा खांदा दिला त्यानं."

"आणि बेचाळीस वर्षांत हे विचारलं नाही?"

"असं कसं विचारायचं?" अण्णा म्हणाले. "कुठनं सुरवात करायची?"

गुरुवारी अण्णांनी आणि मी अर्धी रजा टाकली. मला बरोबर का घेतलं ते अण्णांनी सांगितलं नाही. मला वाटतं, एकटे गेले असते तर चहा पिऊन परत आले असते. हुबळी-धारवाड चिगरी बसमध्ये बसल्यावर मला त्यांच्या हातातला पुडा दिसला. हुबळीत विकत घेतलेला धारवाडी पेढा. तो घेऊन ते धारवाडला निघाले होते.

"अण्णा, समुद्राला मीठ?"

"रिकाम्या हातानं कसं जायाचं?" म्हणाले, आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी आणला असं वाटावं म्हणून.

मंजुनाथअप्पांचं घर तळ्याच्या बाजूला, दारात चाफा. ते उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरे दाट केस. अण्णांना बघून एकदम उभे राहिले, मग पेढ्याचा पुडा बघून हसले आणि आत बायकोला हाक मारली. "पार्वती, हे बघ. ह्यानं आपल्याला धारवाड पेढा आणली."

या दोघांची एक गंमत आहे. मंजुनाथअप्पा अण्णांशी मराठीत बोलतात आणि अण्णा त्यांच्याशी कानडीत. दोघांनाही वाटतं, आपण समोरच्याची सोय बघतोय. अप्पांच्या मराठीत पेढा बाई असतो, आणि अण्णांच्या कानडीत घरची म्हैससुद्धा "बर्री, कूड्री", म्हणजे "या, बसा" असं म्हणून आदरानं बोलावली जाते. त्यामुळे अण्णांची कानडी मी इथं मराठीत लिहितो आणि अप्पांची मराठी थोडीफार सुधारून. नाहीतर तुम्हालाही काही कळायचं नाही.

पार्वतीअक्कांनी खाली चटई घातली. अप्पा भिंतीला टेकून बसले, अण्णा त्यांच्या डाव्या हाताला अगदी खेटून. मी समोर. पोराबाळांची चौकशी झाली. गुडघ्यांची झाली. चहा आला. अण्णांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायले, बशी ठेवली. मग मान खाली घालून, चटईची काडी ओढत, हळू आवाजात म्हणाले, "मंज्या, एक विचारायचं हुतं. त्या फायनलला मी तुला पाडल्यावर... मास्तर एळु म्हणाले. तुला त्ये काय ऐकू आलं?"

अप्पा समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. पेढ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

अण्णांचा चेहरा मी बघितला. बेचाळीस वर्षांनी तोंड उघडलं आणि समोरचा पेढा खातोय. त्यांनी परत विचारलं, जरा थांबत थांबत. "मंज्या, सात ऐकू आलं का ऊठ ऐकू आलं?"

अप्पांनी दुसरा तुकडा घेतला आणि मला विचारलं, "तुझा गाव कुठला म्हणालास?"

अण्णा उठायला लागले. राग नव्हता. एखादा जॉब शेवटच्या कटाला बिघडावा आणि माणूस नुसता स्विच बंद करून बाजूला व्हावा, तसे. तेवढ्यात आतून पार्वतीअक्का कप न्यायला आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, त्या बाजूनं बोलून काय उपयोग नाही. तो कान नाही त्यांना. या बाजूला बसा."

"कान न्हाई? कधीपासनं?"

अक्कांनी कप गोळा केले. "मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून असंच. तुम्हीच मारलात म्हणे."

अण्णा उभ्याचे तसेच. मग ते चटईला वळसा घालून अप्पांच्या उजवीकडं गेले आणि बसले. बसताना भिंतीला हात लावून बसले.

"मंज्या, कान गेला तुझा?"

"कोण सांगितली?" अप्पा म्हणाले. आत बघून त्यांनी ओळखलं. "ते होय. गेली की. जाऊ दे. फॅक्टरीत बरं झालं, मशीनचा आवाज अर्धाच यायचा. आणि डाव्या बाजूला ही झोपते. चाळीस वर्षं संसार उगीच झाला काय?"

"मला बोलला न्हाईस."

"काय बोलू? तू पाडलास तेव्हा कानात अशी शिट्टी सुरू झाली, दोन दिवस थांबली नाही. दोन्ही कानांत. तिसऱ्या दिवशी उजवी उघडली. डावी नाही उघडली."

मग अण्णांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी फिरलं असावं, कारण त्यांनी मान वर केली. "दोन्ही कान? मग मास्तरांचं तुला..."

"कुठलं मास्तर? मला काय ऐकू येतंय? त्यांचा नुसता बूट दिसत होता मला. पांढरा बूट."

"मग सात..."

"कसलं सात?"

"मग उठलास कशाला?"

अप्पांनी अण्णांकडं असं बघितलं की हा माणूस थट्टा करतोय की काय. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तू म्हणालास म्हणून की रे."

"मी?"

"बुटाच्या मागं, कोपऱ्यात, तू. दोरी धरून वाकला होतास पुढं. तोंड हलत होतं तुझं. ऊठ. ऊठ रे. मंज्या ऊठ." अप्पांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवून दाखवले. ऊठ म्हणताना ओठ पुढं येतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "रडत होतास तू, नाग्या. मला वाटलं, मी मेलो काय की. म्हणून बघायला उठलो."

बाहेर कुणीतरी पेरूवाला ओरडत गेला. अक्का दारात कप घेऊन तशाच थांबल्या होत्या.

"मी म्हणालो?" अण्णा म्हणाले.

"मग कोण? तुला आठवत नाही?"

"मला एळु आठवतंय."

"मला वाटलं तू त्याचाच राग धरलास," अप्पा म्हणाले. "तू मला उठवलास, आणि मी उठून तुलाच मारलो. आणि तू पडलास तेव्हा मी समोरच होतो. मी नाही म्हटलं, ऊठ. मला जिंकायचं होतं." त्यांनी पुड्यातला एक पेढा काढून अण्णांच्या हातावर ठेवला. "म्हणून तर मी कधी विषय काढली नाही."

येताना बसमध्ये अण्णांनी खिडकीची जागा घेतली. नवलूर गेलं, उणकल गेलं. मी चेष्टा केली नाही. मलाही कधी कधी कळतं. हुबळी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मराठीनंच घात केला."

"तुमच्या मराठीनं."

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "कान गेला रे त्याचा." आणि उजव्या हाताकडं बघत राहिले, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि चुकून त्यांच्या मांडीवर राहिलाय.

शनिवारी सकाळी योगिता मशीनपाशी उभीच होती. मी तिला सगळं आधीच सांगितलं होतं. अशी गोष्ट दोन दिवस पोटात ठेवायला मी काय अण्णा आहे? तिनं सरळ व्हर्नियर लावला. "मग अण्णा, आकडा नाही ऐकला, हुकूम पण नाही ऐकला. तुमच्या नियमात बसतो का दहावा?"

"बसत न्हाई," अण्णा म्हणाले. "स्वतःहून उठला न्हाई त्यो. मी उठवला."

"मग काढा नाव. तुमचं लिहा."

अण्णांनी कपाट उघडलं. टॉवेल उचलला. सगळे आजूबाजूला जमले. मुकुंदरावही शाल-नारळ घेऊन लवकर आले होते, आणि यादी बघून "वा, छान कल्पना" म्हणाले. अण्णांनी दहावं नाव पुसलं. खडूची भुकटी खाली पडली. मग त्यांनी खडू घेतलाच नाही. जॉबवर नंबर टाकायचा पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेतला आणि त्याच जागी, लेथवर काम करतात तितक्याच सावकाश, परत लिहिलं: मंजुनाथ, धारवाड.

"आता हे काय?" योगिता म्हणाली. "नियमात बसत नाही म्हणालात ना?"

अण्णा ब्रश रॉकेलात धूत होते. "मुकुंदरावांनी पत्रा घातला का? ह्या परव्यानं हात बाजूला ठेवला का? पोरगा माझा लेथवर आला का?" त्यांनी ब्रश झटकला. "जन्मात माझं ऐकलेला एकच माणूस. मेलेला हुता, तरी ऐकला. त्याला काढू?"

मुकुंदराव छपराकडं बघायला लागले. मी अंगठा खिशात घातला.

दुपारी शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. जाताना अण्णांनी पेंटरला फोन करून तीनतीनदा बजावलं: बाहेरून काय मारायचं ते मार, दाराला आतून हात लावायचा नाही.

रविवारी पेंटर आला आणि त्यानं आतूनही रंग मारला.

सोमवारी मी कपाट उघडलं. रॉबिन्सन गेला, अली गेला, सहा वेळा जग जिंकलेली मेरी कोम गेली. खडूचे नऊच्या नऊ करड्या रंगात बुडाले. दहावा मात्र ऑइल पेंटचा होता, जाड बसलेला. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. पण आता छपराला मधे एक पारदर्शक पत्रा आहे, मुकुंदरावांनी गेल्याच महिन्यात बसवला. अकराच्या सुमाराला तिथून तिरका उजेड येतो आणि नाव वर येतं.